नसलेल्या भोकांची ठिगळं

या, असे जवळ सरकून बसा. देवानं डोळे दिले ते उजेडासाठी. पण आज काळोखात जुळलेल्या प्रेमाची गोष्ट सांगायची आहे.

मेक्सिकोतल्या सिएरा नेग्रा डोंगरावर तेव्हा पाण्याच्या टाक्या उभ्या राहत होत्या. दूरच्या फुटलेल्या ताऱ्याकडून गामा किरण निघतो, वर हवेतच फुटतो, आणि त्याच्या कणांचा सडा टाकीत पडला की पाण्यात निळसर चमक उठते. ती टिपायची तर आत मिट्ट काळोख हवा. म्हणून प्रत्येक टाकीत घराएवढी काळी पिशवी. आधी ती फुगवायची. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून दिवा फिरवायचा. भोक असलं तर आतल्याला ठिणगी दिसायची.

हसिंता पायथ्याच्या गावची, ठिगळं लावणारी. पहिल्याच दिवशी तिनं दिवा धरला, तर पिशवीतून आवाज आला—

"जरा डावीकडे... आणखी... हां, उजेड!"

"आधी नाव तरी सांगा!"

"एव्हारिस्तो. बाहेर आलो की चेहराही दाखवतो."

"नको, आतच बरे आहात!"

चेहरा बरा निघाला. हसिंता उगाच कात्री शोधत बसली.

पुढे त्याला फारच भोकं दिसू लागली. हिला एकही सापडायचं नाही, तरी ही मुकाट्यानं ठिगळ लावायची... तेवढाच वेळ जास्त. मुकादम प्राक्सेदिसकाका मिशीत हसायचे, "काय रे, डोंगरावर उंदीर माजलेत वाटतं?"

शेवटची पिशवी आली. दुसऱ्या दिवशी एव्हारिस्तो बोलिव्हियातल्या नव्या डोंगरावर अशाच टाक्यांच्या कामाला निघणार होता, कायमचा. हसिंतानं दिवा सगळीकडून फिरवला.

"एकही नाही दिसत?"

"नाही."

तिनं दिवा पुन्हा एकदा फिरवला. "इतके दिवस तर ढिगानं दिसत होती!"

"आज खोटं बोलवत नाही गं."

तिनं दिवा मालवला, काळ्या पिशवीला गाल टेकवला. "मग मी खरं बोलते. जाऊ नकोस... नाहीतर मला घेऊन जा."

आत खसफस झाली. पलीकडून एक तळहात नेमका तिच्या गालापाशी येऊन थांबला.

"हसिंता... दिवा लाव, पिशवीच्या तोंडाशी धर. डोळे भरलेत, बाहेरची वाट दिसेना."

प्राक्सेदिसकाकांनी वरच्या साहेबांना एवढंच सांगितलं, "आत बसणारा पाठवताय, तर दिवा धरणारीही पाठवा. हे काम एकट्याचं नाही."

दोघं मिळून गेली. काका आता देवाघरी आहेत. हात जोडाल तेव्हा क्षणभर त्यांची आठवण काढा. सगळं कळत असून त्या माणसानं एकही ठिगळ उसवलं नाही.