रिकाम्या खाचेची हजेरी

हे खरं आहे. मला धड सही येत नाही, गोष्ट कुठून रचणार? सहा पोरं वाढवली, चार सुना सरळ केल्या. भुताखेताला मी कधी भ्याले नाही.

रमजानचा तेरावा रोजा. उन्हं कलली होती. मिन्या शहराजवळचं आमचं नदीकाठचं छोटं संग्रहालय.

माझी लेक इन्शिराह तिथे पोरांना जुना काळ शिकवते. वस्तू हातात देऊन. त्या दिवशी तिची मुलगी तस्नीम आणि मीही गेलो होतो. तस्नीम दहा वर्षांची, बापासारखी आगाऊ.

इन्शिराहने पेटी उघडली. आत वीतभर निळ्या बाहुल्या.

"या बाहुल्या धन्याच्या ममीबरोबर थडग्यात पुरायचे. परलोकात शेतावर बोलावणं आलं, की त्याच्याऐवजी बाहुली म्हणायची, हजर. मग तीच राबायची."

"म्हणजे मेल्यावरही आळशी तो आळशीच," मी म्हटलं. पोरं हसली.

एकेक बाहुली हातात घेऊन पोरं हजेरी देऊ लागली. शेवटची खाच रिकामी होती.

"इथली बाहुली सापडलीच नाही. गैरहजर."

तस्नीमच्या वाट्याला बाहुली आली नव्हती. ती फुरंगटून म्हणाली, "मी आहे ना. हजर."

पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, तस्नीम घरात झोपली होती. मी शेजारी मसूर निवडत होते.

ती झोपेत म्हणाली... "हजर."

कुणी हाक मारली नव्हती.

उठली तेव्हा तळहातांना फोड. पावलांना काळा, ओला गाळ.

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही, आजी. इथेच तर होते."

इथेच होती. मी डोळा मिटला नव्हता.

गाळ हुंगला. पुराचा गाळ. लहानपणी नदी तो दारात आणून टाकायची. धरण झालं, पूर बंद झाले. साठ वर्षांत तो वास आला नव्हता.

मग रोजच.

मशिदीतल्या शेखने तावीज दिला. डॉक्टरने रक्त तपासलं. पोर वाळत चालली.

शेवटी मी एकटीच त्या पेटीपुढे गेले. आयुष्यात कुणापुढे वाकले नाही, तिथे वाकले. "पोरीला सोडा. मला शेतीची सवय आहे. मी हजर."

तीनदा म्हटलं. काहीच नाही...

पहारेकरी हसला. "हाजीबाई, या वयात कोण कामाला घेणार तुम्हाला?"

घरी येऊन तिचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं. बैल सुटणार नाही अशी गाठ.

उन्हं कलली, अजान झाली. पोर मांडीवर. श्वास चालू. गाठ तशीच.

आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या नखांत चिखल भरू लागला...

मी काढत होते. तो भरत होता.

आता रोज इन्शिराह पाणी तापवते, मी पावलं धुते.

आज सकाळी तस्नीमने विचारलं, "आजी, कापणी झाली की सोडतात ना?"

मी तिच्या तळहातांच्या फोडांना तेल लावत राहिले.