समुद्राने रोवळलेली वाळू

सकाळी सव्वासहाला खडपेवाडीच्या किनाऱ्यावर एक यान उतरले. उतरताना खडकावर आपटले आणि त्याच्या पोटाला वीतभर तडा गेला.

आठ वाजेपर्यंत वाडीतल्या शाळकरी कस्तुरी तांडेलला कळले होते, की आतला प्रवासी तिच्या कमरेइतका उंच आहे, त्याच्या छातीवरचा डबा पुस्तकी मराठी बोलतो, आणि तो समुद्राला भयंकर घाबरतो. त्याच्या ग्रहावर पाणीच नव्हते.

"तुझं नाव माझ्या जिभेवर बसत नाही," ती म्हणाली. "इतका कोरडा आहेस, मी तुला सुकट म्हणते."

"सुकट म्हणजे काय?"

"वाळवलेली बारीक कोळंबी. छान लागते."

सुकट दोन पावले मागे सरकला.

तडा बुजवायला त्याला ओंजळभर टायटॅनियम (हलका, पण अतिशय चिवट धातू) हवे होते. खनिज मिळाले तर त्यातून धातू काढणारी भट्टी यानात होती. पण दुपारची भरती यानापर्यंत येणार होती. त्याआधी ते उडाले नाही, तर तड्यातून पाणी शिरून कायमचे बंद पडणार होते. म्हणून सुकट कड्यावरच्या सड्यावर (सपाट कातळी माळ) यंत्राने भोक पाडत होता. सरळ खाली.

"खालीच का?" कस्तुरीने विचारले.

"वितळलेला खडक सावकाश निवतो, तेव्हा काही जड खनिजांचे स्फटिक आधी तयार होतात आणि तळाशी बसतात. आमचे सगळे धातू असेच तळाशी सापडतात."

पण यंत्र दर थराला तेच सांगत होते : टायटॅनियम आहे, पण जेमतेम चिमूटभर, सगळीकडे विखुरलेले.

"हा बेसाल्ट आहे," कस्तुरीने शाळेत शिकलेले आठवले. "म्हणजे थिजलेला लाव्हा. थराथरांनी पसरला आणि भराभर थिजला. जड कणांना तळाशी बसायला वेळच मिळाला नाही. कितीही खोल गेलास तरी हेच."

"मग तुमच्या ग्रहावर विखुरलेले कण गोळा कोण करते?"

तेवढ्यात खालून आईची हाक आली, "गो कस्तुर! तांदूळ रोवळूक सांगितलंय ना तुका?"

ती धावली. सुकटही मागोमाग आला. अंगणात तिने परातीत तांदूळ आणि पाणी घेतले, परात गोल हलवली आणि तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतले. जड खडे परातीच्या तळाशी राहिले. याला रोवळणे म्हणतात.

"पाण्याने निवडले!" डबा ओरडला.

"गो, ह्या काय हाडलंस घरात?" आई दचकली.

पण कस्तुरी परातीतल्या खड्यांकडे बघत राहिली होती. "आई, परात नेतंय!"

खाडीच्या तोंडाशी वाळूत काळा पट्टा होता. ती धापा टाकत सांगू लागली, "पावसाने बेसाल्ट झिजतो. नदी त्याचे कण इथे आणते. लाट हलकी वाळू मागे ओढून नेते, जड काळे कण राहतात. समुद्र हजारो वर्षं रोवळतोय!"

यंत्राने वाळू तपासली. लोखंड आणि टायटॅनियम एकत्र असलेले खनिज, इल्मेनाइट.

सुकटने लाटेकडे पाहिले, डोळे मिटले आणि गुडघाभर पाण्यात शिरला. दोघे परात हलवू लागले. बादली घेऊन मागून आलेली आई म्हणाली, "तसा न्हय रे, मनगट फिरव."

बादली भरता भरता सुकट विचारत होता, "वरचा सडा लाल का?"

"पाऊस खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेतो. मागे लोखंड उरतं, म्हणून लाल. काही ठिकाणी ॲल्युमिनियमचं खनिज उरतं."

"आणि पाणी जमिनीखाली तापले तर?"

"गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, तसे काही धातू विरघळतात. वर येताना पाणी भेगांत निवलं, की तिथेच साठतात. तांबं, सोनं."

"म्हणजे धातू वाहून नेणारा हमाल पाणीच!" सुकट थबकला. "आमच्या ग्रहावर एक लांबलचक खाच आहे. आम्ही तिला भेग म्हणतो. ती नागमोडी आहे."

"नागमोडी? मग ती नदी असेल, सुकट! कधीकाळी वाहिलेली. वळणाच्या आतल्या बाजूला बघ. तिथे पाणी मंदावतं आणि जड कण टाकून देतं."

भट्टी पेटली. ठिगळ बसले तेव्हा पहिली लाट यानाच्या पायाला लागली होती. यान थरथरले, उठले आणि ढगात शिरले.

जाताना सुकटने दिलेला बोलका खडा आता कस्तुरीच्या खिडकीत असतो. महिन्याभराने त्यातून आवाज आला, "ठिगळ धरून आहे. खाचेत उतरलो. वळणाच्या आतल्या बाजूला काळा पट्टा दिसतो आहे. यंत्र लावतो."

त्यानंतर अजून काही आलेले नाही.