सगळ्यांना उत्तर देणारा सर्व्हर

तपासणी केंद्रातला एका रुग्णाचा गुप्त अहवाल त्याच्या शेजाऱ्याच्या फोनवर उघडला आणि केंद्रात पळापळ झाली. तपासनीस बाई पोहोचेपर्यंत व्यवस्थापकांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. सर्व्हर सांभाळणारी त्यांची सख्खी पुतणी. तिला काढून टाकण्याचं पत्र टेबलावर तयार होतं.

इतकं आयतं उत्तर बाईंच्या पचनी पडेना.

पुतणीने डोळे पुसत सगळं नीट समजावलं. सर्व्हर तयार होत असताना तो सगळ्यांना उत्तर देतो, म्हणजे कुठल्याही फोनवरून त्याची चाचणी घेता येते. खऱ्या कामाला लागला की तो फक्त स्वतःच्याच यंत्राशी बोलतो. बाहेरच्यांना आधी पासवर्ड विचारणारा पहारेकरी प्रोग्रॅम गाठावा लागतो. फरक सेटिंगमधल्या एका ओळीचा. ती ओळ सोमवारी दहा बावन्नला बदलली होती, सर्व्हरच्याच कीबोर्डवरून, तिच्या नावाने.

"तेव्हा तू कुठे होतीस?"

"बसमध्ये. साडेअकराला पोहोचले."

"तुझा पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?"

ती गप्प बसली. ते गप्प बसणं बाईंना खुपलं.

हजेरीचं यंत्रही साडेअकराच दाखवत होतं. व्यवस्थापक म्हणाले, त्या यंत्राचा काही भरवसा नाही. मग बाईंनी केंद्राच्या नोंदवहीत दिसलेल्या सोमवारच्या अकराच्या बैठकीचं विचारलं, तसे ते खुलले.

"विश्वस्तांना माझ्या फोनवर अहवाल दाखवले. एका टिचकीत उघडले."

बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"एका टिचकीत, म्हणजे पहारेकऱ्याने तुम्हाला अडवलंच नाही. तुम्ही त्याला टाळून थेट सर्व्हरच्या पत्त्यावर गेलात. ती वाट उघडून जेमतेम आठ मिनिटं झाली होती. ती उघडी आहे हे कुणाला ठाऊक असणार? जिने किंवा ज्याने उघडली त्याला. ही तर बसमध्ये होती. विश्वस्तांसमोर पासवर्ड टाकत चाचपडायचं नव्हतं तुम्हाला. पुढे ओळ पूर्ववत करायची राहून गेली आणि अहवाल कुणाच्याही फोनवर उघडू लागले."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"चाचणीच्या वेळी रोज तुमच्यासमोरच बदलायचे मी ती ओळ," पुतणी हळूच म्हणाली. "आणि अडीअडचणीला असावा म्हणून पासवर्ड तुम्हीच लिहून घेतला होतात."

व्यवस्थापकांची मान खाली गेली. चूक कुणाच्याही हातून होते. बाईंना संताप आला तो त्या पत्राचा.

व्यवस्थापकांनी ते पत्र फाडलं. "घरातली गोष्ट घरातच राहू दे, बाळ."

"बाबा गेल्यापासून आई तुम्हालाच देव मानते, काका," ती म्हणाली. "तिला काय सांगायचं ते तुम्हीच येऊन सांगा."