भावाचा ठिपका

व्यसनमुक्ती केंद्राच्या काचेच्या खिडकीतून सिस्टर रोज सकाळी गोळी देते. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत तिच्यासमोर उभं राहायचं, मग तोंड उघडून दाखवायचं. दुखणं मारायच्या गोळ्यांची ओढ या गोळीनं दबते. माझा भाऊ बांधकामावर परांचीवरून पडला, पाठ गेली. डॉक्टरनं त्या गोळ्या लिहून दिल्या आणि लिहीतच राहिला. भाऊ त्यांच्यावाचून राहीना, तेव्हा तोच डॉक्टर म्हणाला, "मनावर ताबा हवा." स्वतःच्या पेनावर ताबा ठेवायला त्याला कुणी सांगितलं नाही.

भावाला घरी बारक्या म्हणतात. चाळिशी आली तरी बारक्याच.

मग केंद्रानं ॲप आणलं. नकाशावर आपल्या घातक जागा आपणच लाल करायच्या. तिथे गेलं की फोन थरथरतो आणि केंद्रालाही कळतं. बाकीच्यांनी कुठली तरी लांबची, वाटेल ती ठिकाणं लाल केली आणि मोकळे झाले. बारक्यानं खरी जागा सांगितली. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाचं तळघर. तिथे खाली त्या गोळ्या विकतात. खरं बोलला, तिथेच चुकला.

थोड्याच दिवसांत समुपदेशक बाईंनी आम्हाला बोलावलं.

"हा रोज दुपारी तळघरात जातोय."

"दुपारी तो माझ्याकडे लाँड्रीत असतो. चादरीचं दुसरं टोक धरायला."

"तुम्ही बहीण आहात. बहिणी असंच सांगतात."

"आणि लघवीची तपासणी काय म्हणते?"

"ती स्वच्छ आहे. पण ॲपचं काय?"

ॲपचं काय म्हणे. हाडामांसाचा माणूस समोर बसलेला, तपासणी स्वच्छ, तरी खोटा ठरला तो माणूसच. त्याची गोळी त्याच दिवशी अर्धी केली. रात्रीपर्यंत त्याला घाम फुटायला लागला, पाय आपोआप झटकायला लागले. पुन्हा लाल दिसलं तर नाव कापू, असंही बजावलं. नाव कापलं की गोळी बंद, आणि गोळी बंद झाली की तळघर. हे बाईंना कळत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारक्याला थेट त्यांच्या टेबलासमोर बसवलं. त्याचा फोन टेबलावर ठेवला.

"आता दाखवा, कुठे आहे हा."

बाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. ठिपका तळघरात होता.

"नेटवर्कचा घोळ असेल."

"काल नव्हता तो घोळ? काल तर ॲप कधी चुकत नव्हतं."

बाईंनी बारक्याचा फोन बंद केला. ठिपका हलला.

तळघरातून रस्त्यावर आला. मोठ्या चौकात थांबला, सिग्नलला माणूस थांबतो तसा. मग रस्ता ओलांडला.

"ताई, हे बंद कर ना," बारक्या म्हणाला. दोन्ही हातांनी तो गुडघे दाबून बसला होता.

ठिपका केंद्राच्या फाटकातून आत आला. काचेच्या खिडकीपाशी थांबला.

मी धावत बाहेर गेले. व्हरांड्यात कुणीच नव्हतं. काचेमागे सिस्टर हातमोजे काढत होती.

"बारक्याचं झालं," ती म्हणाली. "तोंड उघडून दाखवलं, गेला."

"तो आत बसलाय."

"मग मी गोळी कुणाला दिली, तुमच्या काकांना?" ती हसली. उघड्या दारातून तिला बारक्याची पाठ दिसली. तिनं खिडकी लावून घेतली.

मी आत परतले तोवर बाईंनी आपल्या पडद्यावर पाहून घेतलं होतं. "नोंद झालीये. आज पुन्हा गोळी देता येणार नाही."

एवढंच. त्या घडीला मला ठिपक्याची भीती वाटली नाही. बाईंची वाटली.

बारक्याचे पाय शांत झाले होते.

"ताई, तोंड कडू लागतंय."

त्यानं तोंड उघडलं. जिभेखाली पांढरं होतं.

पडद्यावर ठिपका फाटकाबाहेर पडला. आल्या वाटेनं परत.

"थांबवा त्याला."

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

चौक. सिग्नल. पलीकडची दुकानं.

"घट्ट धर मला," बारक्या म्हणाला.

मी धरलं होतं. दोन्ही हातांनी.

ठिपका चपलांच्या दुकानात शिरला.

खुर्चीत बसल्या बसल्या बारक्याचा उजवा पाय उचलला गेला आणि जरा पुढे टेकला. मग डावा. मग पुन्हा उजवा, सावकाश, अंधारात उतरताना पायरी चाचपावी तसा.

मग डोक्याला वर काहीतरी लागू नये म्हणून त्यानं मान खाली घातली.