बर्फात बसवलेला मास्तर

लातूरच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो उसाच्या रसात. ज्या शहरानं एका उन्हाळ्यात पिण्याचं पाणी रेल्वेनं आणवलं, तिथले तिघे जण दरवर्षी फेब्रुवारीत सुट्टी काढून हिमाचलात जायचे. पायाला स्कीच्या लांब फळ्या बांधून मांडीएवढ्या बर्फात डोंगर चढायचे. गंजगोलाईच्या बाजारातल्या लोकांना हे सांगितलं की ते हसायचे. "ऊन लागलंय त्यांना," म्हणायचे.

विरूपाक्षचं गोलाईत पाइप-मोटारींचं दुकान. संगमेश्वर औशाचा, लिंगायतांच्या पुरोहिताच्या, जंगमाच्या घरातला. त्याचं मेडिकल होतं, त्यामुळं गल्लीत तो अर्धा डॉक्टर. तिसरा मृत्युंजय, चाकूरचा, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. आता मृत्युंजयचं लाडकं नाव काय करणार? अर्ध्यावर तोडावं तर अपशकुन. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर अंगानं जड होता. चढाला लागला की दर दहा मिनिटांनी थांबायचा, काठीवर रेलायचा आणि पुढच्यांना ओरडायचा, "थांबा की रं!"

ते उतरत ते घर गावाच्या वरच्या टोकाला होतं. तिथं दोन पहाडी कुत्री होती, अंगानं वासराएवढी. मास्तरनं त्यांची नावं ढवळ्या आणि पवळ्या ठेवली होती, जणू औताला जुंपायची होती. तो पिशवीतून बायकोनं, सिंधुवैनींनी दिलेले ज्वारीचे धपाटे काढून त्यांना खाऊ घालायचा, त्यामुळं ती सतत त्याच्या मागं. चढताना संगमेश्वर पुढं, विरूपाक्ष मधे, मास्तर शेवटी आणि त्याच्या पायाशी कुत्री, हा ठरलेला क्रम होता.

त्या दिवशी घरमालकीण लेकीकडं खाली गेली होती आणि किल्ली यांच्याकडं देऊन गेली होती. सकाळी आकाश स्वच्छ होतं. समोरच्या खिंडीपर्यंत जायचं आणि चहाला परत यायचं, एवढाच बेत. फळ्यांच्या तळाला खरखरीत पट्ट्या चिकटवल्या की त्या चढावर मागं घसरत नाहीत, नुसता आवाज येतो, खस्स... खस्स. मास्तरच्या डाव्या फळीची टाच सैल होती. त्याचा आवाज वेगळा यायचा. खस्स-टक. खस्स-टक. विरूपाक्षला तो आवाज मागून येत असला की बरं वाटायचं, बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकत चालल्यागत.

अकरा वाजून गेले असतील. वरून धप्पकन आवाज झाला, फार मोठा नाही. गोदामात पोतं पडावं तेवढाच. विरूपाक्षनं वळून पाहिलं तेव्हा उताराचा एक तुकडा चादर ओढावी तसा खाली निघाला होता आणि त्याच्यावर मास्तर होता. पुढच्या क्षणाला मास्तर नव्हता.

छातीवर बांधलेली यंत्रं गाडलेल्याचा ठाव सांगतात, पण त्याआधीच कुत्र्यांनी जागा धरली. दोघांनी फावड्यांनी खणलं. मास्तर हाताला लागेपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेला. चेहरा निळा होता, तोंडात बर्फ होता. संगमेश्वरनं तो बोटानं काढला, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. हात भरून आले की विरूपाक्ष दाबायचा. अजून अर्धा तास गेला. तेवढ्यात खिंडीतून ढग उतरला आणि सगळं पांढरं झालं. वर पांढरं, खाली पांढरं, सावली कुठंच नाही. डोळे उघडे असून आंधळं व्हावं, अशी ती दुपार होती.

संगमेश्वरनं हातमोजा काढून मास्तरच्या गळ्याला बोटं लावली. बराच वेळ तसाच राहिला.

"न्हाई," तो म्हणाला. "गेला आपला मास्तर."

"पुन्यांदा बघ."

"बघितलं, विरु. दोनदा बघितलं."

विरूपाक्ष मोठ्यानं रडला. चाळीशीचा माणूस, पण आईच्या मागं राहिलेल्या पोरासारखा रडला. फोनला रेंज नव्हती. वरच्या उतारावर अजून बर्फ लटकत होता. मास्तरला ओढत नेणं दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं आणि थांबलं तर तिघांच्याही बायका विधवा व्हायच्या. त्याला इथंच ठेवून जावं लागणार होतं.

"आडवा न्हाई ठेवायचा," संगमेश्वर म्हणाला. "आपल्यात आडवा ठेवत्यात का? बसवू त्याला."

लिंगायत माणूस मेला तर त्याला मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. दोघांनी एका कातळाच्या आडोशाला खड्डा केला, मास्तरला त्यात बसवलं, पाठ कातळाला टेकवली. मांडी सहज घातली गेली, अंग ताठलं नव्हतं. ही गोष्ट विरूपाक्षच्या मनात तेव्हाच टोचली. मास्तरच्या गळ्यातली चांदीची डबी उघडून संगमेश्वरनं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवलं आणि बोटं मिटवली. कपाळाला भस्म लावलं. जंगमानं डोक्याला पाय लावायचा असतो, तो त्यानं लावला नाही. "पायात हे असले बूट..." एवढंच पुटपुटला. मूठमातीला माती नव्हती. दोघांनी मूठमूठ बर्फ टाकला, मग फावड्यानं गळ्यापर्यंत भरला आणि तोंडावर टोपी ओढली. जागा सापडावी म्हणून त्याच्या फळ्या डोक्याशी फुलीसारख्या उभ्या रोवल्या.

"आता चल. आणि मागं वळून बघायचं न्हाई. मातीहून परतताना बघत्यात का कुणी?"

ते निघाले. उतार सौम्य होता आणि दिसत काहीच नव्हतं, म्हणून पट्ट्या तशाच ठेवून चालतच उतरायचं ठरलं. संगमेश्वर पुढं, विरूपाक्ष मागं. कुत्री यायला तयार नव्हती. हाका मारून मारून शेवटी निघाली. आली, पण विरूपाक्षच्या पायाशी आली नाहीत. दहा पावलं मागं राहून चालत होती. वळणावर डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला ती दिसली. शेपट्या हलवत होती.

खस्स... खस्स, पुढून. खस्स... खस्स, त्याचं स्वतःचं. आणि थोड्या वेळानं मागून...

खस्स-टक.

विरूपाक्ष थांबला. मागचा आवाज थांबला. तो निघाला, तोही निघाला. थंडीत घाम फुटणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"संग्या..."

"चालत ऱ्हा."

"तुला ऐकू येतंय का?"

संगमेश्वर पाय उचलत राहिला. त्याची मान मात्र ताठ झाली होती. बरंच अंतर गेलं. वारा पडला, आणि त्या सुन्न पांढऱ्यात, लांबून, दमलेल्या माणसाच्या आवाजात आलं...

"थांबा की रं..."

"संग्या, तो जित्ता असंल तर?" विरूपाक्षचे दात वाजत होते. "तुझी बोटं गारठलेली... तुला नाडी लागली नसंल तर? अरं, जित्ता माणूस बसवून आलाव का आपण?"

"नाडी मी बघितली!" संगमेश्वर ओरडला, पण वळला नाही. "मेलेला माणूस वाटेला लागतो, विरु. माझ्या आज्ज्यानं सांगितलंय. वळून बघितलं की संगं येतो. तुला घरी लेकरं हायत... चालत ऱ्हा."

आणि विरूपाक्ष चालत राहिला. मान वळवायला किती वेळ लागतो? डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच. पण पिढ्यान्‌पिढ्या मातीहून सरळ घरी आलेल्या माणसांची ती मान होती, ती वळली नाही. मागं मास्तर जिवंत असेल तर आपण खुनी, मेलेला असेल तर वळलो की संपलो, या दोन्हींच्या मधे तो चालत होता. इतकं एकटं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चार हातांवर मित्र होता, तरीही.

चारच्या सुमाराला घराची भिंत अंगावर आली तेव्हा ती दिसली. त्यांनी कुत्र्यांना मानगुटीला धरून आत ओढलं, दार लावलं, कडी घातली. संगमेश्वरनं शेगडी पेटवून चहा ठेवला. हाताला काहीतरी काम हवं होतं. खोलीत रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला.

कुत्री शेगडीशी गेली नाहीत. दारापाशी उभी राहिली, फटीला नाक लावून. बाहेर काहीतरी हलकेच भिंतीला टेकलं. टक. मग काही नाही. कुणी दार वाजवलं नाही, कुणी हाक मारली नाही. कुत्री मात्र शेपट्या हलवत, लाडात येऊन कुईकुई करत होती आणि पंजानं दार खरवडत होती.

विरूपाक्ष उठला. कडीला हात लावला.

"लावू नको हात," संगमेश्वर हळू म्हणाला. त्यानं हातातला पेला खाली ठेवला. "विरु... तुझ्या पाया पडतो."

विरूपाक्षनं हात काढला. दाराला पाठ लावून तो खाली बसला आणि कान झाकून घेतले. बऱ्याच वेळानं कुत्र्यांनी शेपट्या पाडल्या, दार सोडलं आणि कोपऱ्यात जाऊन तोंड वळवून निजली.

दुसऱ्या दिवशी ढग फाटला. खालच्या गावातली माणसं घेऊन दोघे वर गेले. विरूपाक्षच्या मनात एकच होतं. खड्डा रिकामा निघाला तर? पण मास्तर होता. बसवला तसाच बसलेला होता. फळ्या फुलीसारख्या उभ्या होत्या, मूठ मिटलेली होती, वर रात्रीचा ताजा बर्फ होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर गुदमरून मृत्यू असं लिहिलं. नक्की किती वाजता, हे विरूपाक्षनं तीनदा विचारलं. थंडीत सांगता येत नाही, असं डॉक्टर तिन्ही वेळा म्हणाला.

चाकूरला, मास्तरच्या शेतात, काळ्या मातीत त्याला दुसऱ्यांदा बसवला. सिंधुवैनी रडल्या नाहीत. त्यांनी विरूपाक्षला बाजूला घेऊन एकच विचारलं, "भाऊजी, लवकर गेले न? तरास न्हाई न झाला?"

"लगेच, वैनी," विरूपाक्ष म्हणाला. "कळलं बी नसंल त्याला."

त्यानंतर संगमेश्वर आणि तो भेटलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. एकाच शहरात राहून दोघे एकमेकांना चुकवू लागले. विरूपाक्ष दुकानात बसायचा, गिऱ्हाईक बोलत असायचं आणि हा स्वतःच्याच हाताची नाडी चाचपत असायचा. जिवंत होता का? एवढा एकच प्रश्न. जेवणात, झोपेत, पूजेत तोच. त्याचं उत्तर देणारं जगात कुणी नव्हतं.

चैत्र निम्मा सरला तेव्हा सिंधुवैनींचा फोन आला. "येऊन जावा जरा. ह्यांच्या सामानातलं काही दाखवायचंय."

भर दुपारी तो चाकूरला गेला. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. वैनींनी पाणी दिलं आणि टेबलावर मास्तरचं घड्याळ ठेवलं. पावलं, ठोके, वाट, सगळं नोंदणारं ते घड्याळ दवाखान्यानं सामानाच्या पिशवीत दिलं होतं. वैनींनी कालच ते चार्ज करून मास्तरच्या फोनला जोडलं होतं.

"बघा," त्यांनी फोन पुढं केला. "ही ठोक्यांची रेघ."

विरूपाक्ष पडद्यावर वाकला. रेघ डोंगरासारखी वरखाली होत होती. अकरा वाजून बावीस मिनिटांना ती उंच उसळली, मग खाली खाली आली आणि अकरा छत्तीसला संपली. त्यापुढं संध्याकाळी घड्याळ बंद पडेपर्यंत काहीच नव्हतं. एकही ठोका नव्हता.

त्याला दिसेनासं झालं. टेबलावर डोकं ठेवून तो हुंदके देऊ लागला. मास्तर आधीच गेला होता. जिवंत माणसाला बसवलं नव्हतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या छातीत पुरती हवा गेली. हे आत्ताच्या आत्ता संग्याला सांगायला हवं, असं त्याला वाटलं.

वैनी थांबल्या. तो शांत झाल्यावर त्यांनी पडद्यावर बोट सरकवलं.

"आता ही चाललेली वाट बघा."

नकाशावर पिवळी रेघ होती. सकाळी घरातून निघाली होती, वर कातळापाशी येऊन दोन वाजेपर्यंत एका ठिपक्यात थांबली होती. मग ती निघाली होती. हळूहळू, वळणं घेत, खाली.

"डोंगरात... डोंगरात चुकतंय हे, वैनी," विरूपाक्ष म्हणाला. "यंत्र हाय. चुकतंय."

"मी बी तेच म्हणलं," वैनी म्हणाल्या. "पण हे बघा, हे घर तुम्ही उतरला होता तेच हाय न?"

रेघ घराच्या भिंतीशी येऊन थांबली होती. चार वाजून दहा मिनिटांनी. तिथंच, दाराच्या बाहेर, ती चार पन्नासपर्यंत होती. मग ती मागं वळून पुन्हा वर, कातळापाशी गेली होती. सगळा चढ होता आणि मास्तर त्यात एकदाही दम खायला थांबला नव्हता.

बाहेर उन्हात एक टिटवी ओरडून गेली. वैनींनी फोन पालथा ठेवला. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुसऱ्याच्या लेकराला समजावतात तसा होता.

"चाळीस मिनटं उभे होते हो," त्या म्हणाल्या. "एकदा दार उघडायचं होतं की, भाऊजी."