माघातले पतंग

आंबोलीच्या पक्षी-संशोधन केंद्रातला पडदा उजळला, तेव्हा डॉ. मंजिरी धुरी खुर्चीतून उठून जवळ गेल्या. चैत्र नुकताच लागला होता. जंगलातल्या प्रत्येक कॅमेऱ्यात दयाळ पक्ष्यांची घरटी भरलेली दिसत होती आणि पिल्लांच्या चोचीत हिरव्या अळ्या जात होत्या.

"फवारणीआधी इथे एकही पिल्लू जगत नव्हतं?" केंद्रात नव्याने आलेले आनुवंशशास्त्रज्ञ डॉ. इरफान मुकादम यांनी विचारलं.

"फारच थोडी. दयाळ दिवसाची लांबी ओळखून अंडी घालतो. पतंगाचे कोष मातीच्या उबेवर फुटतात. हल्ली माती लवकर तापते, दिवस मात्र पूर्वीसारखाच वाढतो. पतंग माघातच बाहेर पडायचे. पिल्लं जन्मेपर्यंत त्यांच्या अळ्या मातीत शिरून गेलेल्या असायच्या. म्हणून आम्ही 'ऋतुविलंबक' बनवला. रानभर फवारलेल्या या संप्रेरकाने कोष आणखी तीन आठवडे झोपून राहतात."

इरफान पक्ष्यांच्या रक्ताचे जुने-नवे नमुने घेऊन कामाला लागले. महिन्याभराने ते मंजिरींच्या खोलीत आले आणि दार लावून बसले.

"मॅडम, फवारणीआधी इथे काही दयाळ वेगळे होते. दिवस लहान असतानाच अंडी घालणारे."

"आठवतात. माघात घरटं करायचे. आम्ही त्यांना अपवाद समजलो."

"ते बदलत होते. त्यांची पिल्लं लवकरच्या अळ्यांवर जगत होती. हळूहळू सगळं रान त्यांचंच झालं असतं."

"आणि आता?"

"नव्या नमुन्यांत तसा एकही नाही. आपण अळ्या उशिरा आणल्या. त्या लवकरच्या दयाळांची पिल्लं उपाशी मेली."

मंजिरींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माती दरवर्षी आणखी लवकर तापत होती. कोषाला किती झोपवता येईल यालाही मर्यादा होती. ती गाठली की हे सगळे पक्षी एकदम जाणार होते.

"फवारणी बंद केली तर?" त्यांनी विचारलं.

"सगळे दयाळ आजच जातील. पण थोडी जागा फवारणीविना मोकळी सोडता येईल. बाहेरून एखादी लवकर घरटं करणारी जोडी आलीच, तर तिला खायला हवं."

मंजिरींनी स्वतःच्या घरामागची बाग आणि खालचा उतार निवडला.

पुढच्या माघात बागेत पतंग आले. पेरूच्या पानांवर अळ्या वाढल्या, मातीत गेल्या. त्या खायला कुणी आलं नाही. चैत्रात मात्र नेहमीच्या दयाळांनी भिंतीच्या भोकात घरटं केलं. दिवसभर ती जोडी आपल्या हद्दीतली पानं उलटीपालटी करत राहिली. पिल्लांचा आवाज बारीक होत चालला.

मंजिरींचे पती अनंत वाटी घेऊन मागच्या अंगणात आले. वाटीत केंद्रात पाळलेल्या अळ्या होत्या.

"एवढ्या ठेवतो गं भिंतीवर."

"नको, अहो."

"तीन पिल्लं आहेत फक्त."

"जगली तर मोठी होऊन इथेच कुठेतरी घरटं करतील, अशीच उशिरा. मग लवकर येणाऱ्यांना जागाच उरणार नाही."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

मंजिरींनी वाटीवर हात ठेवला. अनंतनी वाटी पायरीवर ठेवली आणि तिच्यावर झाकण घातलं. दोघं तिथेच बसून राहिले. दुपारी भिंतीतला आवाज थांबला, तरी नर आणि मादी आळीपाळीने भोकाशी येतच होती.