रॉस्कोचा डावा हात

अमेरिकेतल्या बफेलो शहरात त्या दिवशी पावसात बर्फाचे कण मिसळले होते. आमच्या टेलरिंगच्या दुकानात तो शिरला तोच वाकून... दार त्याच्या मापाचं नव्हतं.

"सूट शिवायचाय. माझ्या अंगाचा तयार मिळत नाही."

टेप छातीभोवती न्यायला माझे हात पुरेनात. मी जवळजवळ त्याच्या मिठीतच शिरले आणि माझे कान तापले.

"सावकाश घ्या," तो हसू दाबत म्हणाला. "मला घाई नाही."

रॉस्को टेट. मूळचा मिसिसिपीचा. आमच्या शहराच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात आठ वर्षं खेळत होता, आणि मला, हलिना झुरेकला, त्याचं नावही ठाऊक नव्हतं!

"चेंडू फेकता की घेऊन पळता?"

"चेंडूला मी हातसुद्धा लावत नाही. फेकणाऱ्याच्या अंगावर धावून येतात ना, त्यांना अडवतो."

"मग लोकांना तुम्ही दिसणार कधी?"

"चूक केली की. तेव्हा भोंग्यावरून माझा नंबर सांगतात."

पुढच्या रविवारी मी मैदानावर गेले. सगळं स्टेडियम चेंडूकडे बघत होतं – मी अडुसष्ट नंबरकडे. दर खेपेला दीडशे किलोचा माणूस त्याच्यावर आदळायचा, तो उठायचा, पुन्हा वाकून उभा राहायचा.

त्या हिवाळ्यात तो रोज दुकानात यायचा. शिवायला काही नसलं तर शर्टाचं बटण तोडून आणायचा.

"हे ओढून तोडलंयस!"

"हो," तो म्हणायचा. "मग... लाव ना."

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, आम्ही सूप पीत बसलो होतो. टेबलाखाली मी त्याचा डावा हात धरला, बोटं दाबली. तो आपला बोलतच राहिला. त्याला कळलंच नव्हतं.

"रॉस्को, मी काय करतेय?"

त्यानं खाली पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"मानेमुळे आहे, हात बधिर पडतो. सीझन संपला की दाखवतो. कुणाला बोलू नकोस... शपथ आहे माझी."

मी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी संघाच्या डॉक्टरांना फोन केला. तपासण्या झाल्या. आणखी एक जोराची धडक, आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं असतं. त्याचा खेळ तिथेच संपला.

गावी जायच्या दिवशी गाडीत सामान भरून तो दुकानासमोर थांबला.

"मला अजून दोन वर्षं हवी होती, हलिना."

"मला तू हवा होतास. चालता-फिरता. प्रेम आहे माझं तुझ्यावर, कळतंय का?"

"कळतंय," तो म्हणाला. "पण तुझ्याकडे पाहिलं की तो फोनच आठवतो. काय करू?"

उजव्या हातानं स्टिअरिंग धरून तो निघून गेला.

सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याची बहीण कॉर्डेलिया एका लग्नासाठी इकडे आली होती. मुद्दाम दुकानात आली. रॉस्को शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो म्हणाली. बायको आहे, तीन वर्षांची मुलगी आहे.

"चालतो ना नीट?" मी विचारलं.

"चालतो? अहो, लेकीच्या मागे अंगणभर धावतो!"

"बरं झालं," मी म्हटलं, आणि दोरा ओवायच्या निमित्तानं खिडकीकडे तोंड केलं. बराच वेळ तो सुईत जाईना.